सापाच्या अंगावरचे माइट (रक्त पिणारे बारीक परजीवी): औषध निवडताना आधी काय पाहावे

एका सर्पपालकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे दीड वर्षाचा, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचा बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) आहे. आठवडाभर तो पाण्याच्या भांड्यातून बाहेर यायलाच तयार नव्हता. मग भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसले आणि हनुवटीखालच्या खवल्यांतही तसेच ठिपके हलताना आढळले. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवारा त्यांनी एकदा मारला. काही दिवस सगळे स्वच्छ वाटले, पण बाराव्या दिवशी माइट पुन्हा हजर झाले. आता कोणी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सुचवत आहे, कोणी ऑलिव्ह तेल, तर कोणी माइट खाणारे माइट. त्याच खोलीत एक कॉर्न स्नेक आणि एक कासवही आहे. या सगळ्यात सर्वांत चांगले औषध कोणते, असे त्यांनी विचारले आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न मला जवळजवळ याच शब्दांत अनेकदा विचारला गेला आहे. तुमच्या वर्णनातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट औषधाचे नाव नसून ‘बाराव्या दिवशी’ ही आहे. माझ्या मते तुमचे औषध फसलेले नाही. त्याने सापाच्या अंगावरचे माइट मारले, पण त्या वेळी निम्म्याहून अधिक माइट सापाच्या अंगावर नव्हतेच, ते साप ठेवलेल्या पेटीत होते. म्हणून औषधांची तुलना करण्याआधी हा जीव कुठे राहतो आणि कधी कुठे जातो, हे समजून घेऊ. निवडीचा सगळा तर्क तिथूनच निघतो.

पाळीव सापांवर आढळणारा नेहमीचा माइट म्हणजे ऑफिओनिसस नॅट्रिसिस. अंडे, सहा पायांची अळी, पहिली पिल्लावस्था, दुसरी पिल्लावस्था आणि प्रौढ अशा त्याच्या पाच अवस्था आहेत. त्यांपैकी रक्त पितात त्या फक्त दोन, पहिली पिल्लावस्था आणि प्रौढ. उरलेल्या तीन अवस्था सापाच्या अंगाबाहेर, अंधाऱ्या आणि दमट फटीत जातात. मादी पोटभर रक्त प्यायली की सापावरून उतरते, बहुधा वरच्या दिशेने चढते आणि झाकणाची खाच, स्क्रूचे भोक, लाकडाची भेग, थर्मोस्टॅटच्या वायरीमागची जागा अशा ठिकाणी अंडी घालते. तिच्या आयुष्यात अशी साठ ते ऐंशी अंडी होतात. उबदार पेटीत अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, थोड्या थंड जागी चार दिवस लागतात. २५ ते ३० अंश सेल्सियसला अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास १३ ते १९ दिवसांत पूर्ण होतो. नराशी संग न झालेली मादीही अंडी घालू शकते आणि त्यांतून नर जन्मतात. त्यामुळे एकच मादी वाचली असेल तर काय बिघडते, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

आता तुमचे बारा दिवस याच्याशेजारी ठेवून पाहा. फवारणीच्या दिवशी जी अंडी खाचांत होती, त्यांच्यावर औषध पोचलेच नाही. ती फुटली, पिल्ले सापावर चढली. ही पिल्ले इतकी बारीक आणि फिकट असतात की नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण. रक्त पिऊन ती मोठी आणि काळी झाली, तेव्हा तुम्हाला ती ‘परत आलेली’ दिसली. प्रत्यक्षात ती गेलीच नव्हती.

औषधाकडे वळण्याआधी एक खात्री जरूर करून घ्या. ओलसर भुश्यात किंवा नारळाच्या चोथ्यात राहणारे निरुपद्रवी माइट पुष्कळ असतात. ते फिकट असतात, कुजकट वस्तूंवर राहतात आणि सापाच्या अंगावर ठाण मांडत नाहीत. सापाचा माइट ओळखण्यासाठी मी पांढरा सुती कपडा कोमट पाण्यात पिळून घेतो आणि त्यातून सापाला डोक्याकडून शेपटीकडे सावकाश सरकू देतो. कपड्यावर खसखशीच्या दाण्याएवढे काळे ठिपके आले आणि त्यांतला एखादा नखाने दाबल्यावर लालसर डाग उमटला, तर शंकेला जागा उरत नाही. डोळ्याच्या कडेची बारीक फट, हनुवटीखालची घडी, उष्णता ओळखणारे ओठांवरचे खड्डे आणि शेपटीच्या मुळाशी असलेले अवसारणीचे (मलमूत्र बाहेर पडण्याचे) छिद्र या चार जागा भिंगातून पाहाव्यात. खवल्यांवर राखेसारखी पांढरी भुकटी दिसली तर ती माइटची विष्ठा असते, आणि काळे ठिपके दिसण्याआधीच ती दिसू शकते.

कोणते औषध योग्य हे परिस्थितीवर अवलंबून असते, असे मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात नेमक्या काही गोष्टी असतात. साप किती लहान आहे, अंडी धरलेली मादी आहे का, कात टाकण्याच्या बेतात आहे का, आणि मुख्य म्हणजे तो किती अशक्त झाला आहे. जोराचा प्रादुर्भाव झालेल्या लहान सापाला रक्तक्षय होऊ शकतो. तोंड उघडून पाहिल्यास आतली त्वचा गुलाबी असण्याऐवजी पांढुरकी दिसते. असा साप, किंवा कातडीला सुरकुत्या पडलेला, पाणी कमी झालेला साप कोणत्याही कीटकनाशकाचा भार नीट सोसत नाही. त्याला आधी पशुवैद्याकडे नेऊन द्रव द्यावे लागते. त्या काळात माइट हाताने आणि पाण्याने कमी करायचे, रसायन थांबवायचे. तोंडाला फेस, कातडीखाली लालसर चट्टे किंवा श्वासाची घरघर असेल, तर माइटच्या चाव्यांतून जिवाणूंचा संसर्गही झालेला असू शकतो. एरोमोनास हा जिवाणू हे माइट एका सापाकडून दुसऱ्याकडे नेऊ शकतात. तिथे केवळ माइट मारून भागत नाही.

आता एकेक पर्याय पाहू.

फिप्रोनिलचा ०.२५ टक्क्यांचा फवारा तुम्ही वापरलाच आहे. माझ्या अनुभवात, सुदृढ आणि फार लहान नसलेल्या सापासाठी तो उपयोगाचा आहे. मात्र तो थेट सापावर मारू नये. त्यातला द्रावक अल्कोहोल असतो. त्याची वाफ बंद पेटीत कोंडली तर सापाच्या फुप्फुसांना त्रास होतो, आणि खवल्यांवर तो साचला तर त्वचा कोरडी पडते. मोकळ्या हवेत कपड्यावर औषध घेऊन, डोळे आणि तोंड टाळून, अंगभर एक पातळ हात फिरवावा. पाच मिनिटांनी कोमट पाण्याने पुसून घ्यावे आणि साप पूर्ण कोरडा झाल्यावरच पेटीत सोडावा. तुम्ही औषध एकदाच वापरून थांबलात. ही त्यात मुख्य उणीव राहिली.

परमेथ्रिन हे मी पेटीचे औषध मानतो, सापाचे नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी तयार केलेला ०.५ टक्क्यांचा फवारा रिकाम्या पेटीत, पाण्याचे भांडे बाहेर काढून मारायचा, दारे उघडी ठेवून तो पूर्ण सुकू द्यायचा आणि वास गेल्यावर मगच साप आत ठेवायचा. सुकलेल्या थराचा प्रभाव पुढेही टिकतो, त्यामुळे अंड्यातून नंतर बाहेर येणारे माइटही त्यावरून चालताना मरतात. हा त्याचा मोठा गुण आहे. दोष असा की ते ओले असताना किंवा त्याची वाफ कोंडलेली असताना सापाच्या मज्जासंस्थेवर आघात करते. माझ्याकडे एकदा एक तरुण कॉर्न स्नेक आणला गेला होता. त्याच्या मालकाने घाईत, फवारणीनंतर अर्ध्या तासाने त्याला पेटीत ठेवून झाकण लावले होते. साप थरथरत होता आणि उताणा केल्यावर त्याला स्वतःहून पालथे होता येत नव्हते. आम्ही त्याला धुतले, उबेत ठेवले, द्रव दिले, तरी तो वाचला नाही. तो मालक निष्काळजी नव्हता. त्याने फक्त सुकण्याची वाट पाहिली नाही. म्हणून सांगतो, घरातल्या इतर किड्यांसाठी मिळणारे फवारे पेटीत वापरू नका. त्यांचे प्रमाण वेगळे असते आणि त्यांत प्रभाव वाढवणारी इतर द्रव्येही मिसळलेली असतात. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन तिलाही अत्यंत विषारी आहे, हे लक्षात ठेवा.

आयव्हरमेक्टिनविषयी मला जरा थांबून बोलायचे आहे, कारण तुमच्या खोलीत कासव आहे. आयव्हरमेक्टिन कासवांना प्राणघातक ठरते, हे १९८३ पासून पशुवैद्यकात नोंदलेले आहे. सापाला सहज सोसवणाऱ्या मात्रेनेही कासवाचे स्नायू लुळे पडतात आणि श्वास बंद होतो. म्हणून त्या खोलीत आयव्हरमेक्टिनचा फवारा मारणे, एकच बाटली किंवा एकच टब दोघांसाठी वापरणे, औषध लागलेल्या हाताने कासवाला उचलणे, यांतले काहीही करू नका. सापांमध्ये पशुवैद्य दर किलोला ०.२ मिलिग्रॅम अशी मात्रा दोन आठवड्यांच्या अंतराने देतात. बाजारात मिळणारे एक टक्क्याचे इंजेक्शन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. तुमच्या ५०० ग्रॅमच्या सापाला लागणार ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. एवढा थेंब साध्या सिरिंजने मोजताच येत नाही. सुईच्या बुडात अडकून राहणारे औषधसुद्धा त्याहून जास्त भरते. पशुवैद्य ते योग्य द्रावकात पातळ करून देतात. घरी अंदाजाने टोचलेल्या इंजेक्शनातून झालेली विषबाधा मी पाहिली आहे, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहितो आहे. बॉल पायथनमध्ये योग्य मात्रेनंतरही मान डगमगणे, सुस्ती अशी मज्जासंस्थेची लक्षणे काही वेळा दिसल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे तुमच्या बाबतीत हा माझा पहिला पर्याय नाही.

फ्लुरॅलेनर आणि अफॉक्सोलॅनर ही कुत्र्यांना पिसवा-गोचिडांसाठी तोंडावाटे दिली जाणारी नव्या पिढीची औषधे काही पशुवैद्य आता सापांवरही वापरतात आणि त्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. औषध रक्तात राहते. माइट रक्त प्यायला की मरतो, आणि अंडी घालण्याआधीच मरतो. सापांसाठी ती अधिकृतरीत्या मंजूर झालेली नाहीत, म्हणून मात्रा ठरवणे आणि देणे हे काम सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याचेच आहे. ज्यांच्याकडे वीस-तीस साप आहेत आणि प्रत्येकाला दर दहा दिवसांनी पुसणे शक्य नाही, त्यांना मी अलीकडे हीच चर्चा आपल्या पशुवैद्याशी करायला सांगतो.

तेलाबद्दल माझे मत मधले आहे. माइटच्या श्वासाची छिद्रे तेलाने बुजतात, तेव्हा ज्या माइटवर तेल बसते तो मरतो. पण पेटीतल्या अंड्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. सापाच्या अंगाला कचरा चिकटतो आणि पुढची कात तुकड्यातुकड्यांनी निघते. एका जागी मात्र मी हाच मार्ग पसंत करतो. डोळ्याच्या कडेला रुतलेल्या माइटवर कोणतेही कीटकनाशक लावणे धोक्याचे असते. तिथे डोळ्यांसाठीचे साधे, औषधविरहित वंगण मलम हलक्या हाताने लावले की ते गुदमरतात, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या कापसाने टिपून घेता येतात. कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटे ठेवल्यानेही बरेच माइट गळून पडतात, मात्र उरलेले डोक्याकडे सरकतात. पाणी सापाच्या अंगाच्या जाडीपेक्षा खोल नसावे आणि तुम्ही शेजारून हलू नये. माइटची संख्या खाली आणायला हा उपाय चांगला, समूळ घालवायला अपुरा.

भक्षक माइट, विशेषतः स्ट्रॅटिओलेलॅप्स, सापाला काही करत नाहीत आणि पेटीतल्या मातीत सापाच्या माइटच्या अवस्था शोधून खातात. जिवंत झाडे आणि माती असलेल्या, एरवी मोडावी लागेल अशा पेटीसाठी मला हा मार्ग मनापासून आवडतो. मात्र त्यांना ओलावा आणि वेळ लागतो, आणि जिथे परमेथ्रिन किंवा फिप्रोनिल वापरले आहे तिथे ते स्वतःच मरतात. तुम्ही नुकतेच फिप्रोनिल वापरले आहे, म्हणून सध्या तो पैसा वाया जाईल. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाच्या पट्ट्या पूर्वी पेटीत टांगत असत. त्यांची वाफ साप, कासव आणि माणूस तिघांनाही विषारी आहे, त्यामुळे त्या मी कोणालाही सुचवत नाही.

आतापर्यंतचे तुमच्या परिस्थितीला लावून पाहू. साप मध्यम वजनाचा आहे, पेट्या दोनच आहेत, खोलीत कासव आहे आणि फिप्रोनिल एकदा सोसल्याचे तुम्हाला ठाऊक आहे. साप अशक्त नसेल तर मी औषध बदलणार नाही, वेळापत्रक बदलीन. दुसरे रसायन त्यात मिसळणारही नाही, कारण दोन कीटकनाशके एकाच वेळी वापरली आणि साप थरथरू लागला, तर कशामुळे ते कळत नाही.

पहिल्या दिवशी कासवाला दुसऱ्या खोलीत हलवा. दोन्ही पेट्या एकाच दिवशी रिकाम्या करा, कॉर्न स्नेकवर माइट दिसत नसले तरीही. बिछायत पिशवीत भरून तोंड बांधून घराबाहेर टाका. लाकूड आणि साल टाकून देता येत असेल तर टाकाच, नसेल तर दूर ठेवा. ५० अंशांच्या वरच्या उष्णतेत माइट काही सेकंदांत मरतात. म्हणून भांडी, दगड आणि पेटीच्या कडा उकळत्या साबणाच्या पाण्याने धुवा, फटींतून जुन्या टूथब्रशाने घासा. काचेची पेटी एकदम उकळत्या पाण्याने तडकू शकते, तिथे कपड्याने पुसत पुसत काम करा. आत फक्त पांढरा कागद, पाण्याचे भांडे आणि टाकून देता येईल असा पुठ्ठ्याचा आडोसा ठेवा. बॉल पायथनला ओलावा लागतो, तेव्हा माइटची अंडी सुकावीत म्हणून त्याला आठवडेच्या आठवडे कोरड्यात ठेवू नका. पाण्याचे भांडे थोडे मोठे ठेवले की काम भागते.

पहिले दोन आठवडे कागद आणि आडोसा दर दुसऱ्या दिवशी बदला. अंडी फुटून अळी पिल्लावस्थेत जायला आणि पिल्लू सापावर चढायला जो वेळ लागतो, त्याच्या आत तुम्ही त्यांना घराबाहेर काढत असता. त्याच वेळी दोन्ही सापांना कपड्याने फिप्रोनिल लावा, आणि दहा-दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोनदा. अंतर दहा दिवसांचे यासाठी की माइटची सर्वांत जलद पिढीही १३ दिवसांच्या आत पूर्ण होत नाही. त्यामुळे या वेळी फुटलेली पिल्ले अंडी घालण्याइतकी मोठी होण्याआधीच पुढच्या हाताखाली सापडतात. औषधाच्या आदल्या-नंतरच्या दोन दिवसांत खाऊ घालू नका. साप कात टाकायच्या बेतात असेल तर ती निघेपर्यंत थांबा आणि निघालेली कात लगेच बाहेर काढा, कारण तिच्यासोबत पुष्कळ माइट निघून जातात.

रोजचे काम करताना आधी कॉर्न स्नेक, मग बॉल पायथन, हा क्रम मोडू नका. नंतर हात कोपरापर्यंत धुवा आणि बाही बदला. हे माइट माणसालाही चावतात आणि मनगटावर खाजरे पुरळ उठते, पण माणसाच्या अंगावर ते वस्ती करत नाहीत. कपड्यावरून दुसऱ्या पेटीपर्यंत प्रवास मात्र करतात. नवीन साप आणाल तेव्हा त्याला किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर ठेवा.

तिसऱ्या वेळेनंतर माइट दिसेनासे झाले तरी कागदाची बिछायत काढू नका. प्रौढ माइट चाळीस दिवसांपर्यंत जगू शकतो आणि पिल्लेही काही आठवडे उपाशी तग धरतात. म्हणून शेवटचा माइट दिसल्यानंतर सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा तो ओला पांढरा कपडा फिरवत राहा आणि सकाळी पाण्याच्या भांड्याचा तळ पाहा. या काळात एक जरी काळा ठिपका दिसला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. आणि तीन वेळा नीट औषध लावूनही माइट दिसत राहिले, तर घरी दुसरे औषध शोधू नका. साप, त्याचे अचूक वजन आणि तुम्ही काय कधी लावले याची लिहिलेली नोंद घेऊन पशुवैद्याकडे जा, म्हणजे तोंडावाटे द्यायच्या औषधाचा निर्णय ते त्याच भेटीत घेऊ शकतील. सहा आठवडे कपडा स्वच्छ राहिला की पेटीत लाकूड परत ठेवायला हरकत नाही. ते नवीन असावे, किंवा भट्टीत आतपर्यंत तापवून घेतलेले असावे.